काउंटरवरचा प्रश्न

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा ‘पेट’ झाली, मुलाखतीचं बोलावणं आलं, आता संशोधनाचा आराखडा द्यायचाय आणि तिथे गाडी अडली आहे. बँकेची ड्युटी सांभाळून वेळ कुठून काढू, हे तू फिरून फिरून विचारलं आहेस. विषयाला मात्र एकच ओळ दिली आहेस: ‘स्वयंसहायता बचत गटांना बँकांचा पतपुरवठा : एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ अहिल्यानगर जिल्हा’. मला तुझ्या वेळेपेक्षा या ओळीची काळजी जास्त वाटते.

शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या त्या संकेतस्थळावर, जरा चाळून बघ. जिल्हा बदलतो, प्रबंध तोच राहतो. सुरुवातीला १९९२ साली नाबार्डने, म्हणजे ग्रामीण पतपुरवठ्याच्या शिखर बँकेने, ५०० गटांपासून बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला हे येतं, शेवटी महिलांचं सक्षमीकरण झालं हे येतं, मधे टक्केवारीचे तक्ते. हे लिहायला बँकेत नोकरी कशाला करायला हवी?

मागे फोनवर तू बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेलीस. तुझ्या शाखेतला एक गट मायक्रोफायनान्सचा, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचा, आठवड्याचा हप्ता कधी चुकवत नाही, आणि तुमच्या बँकेचं त्याहून स्वस्त कर्ज मात्र थकवतो. ९० दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत वाटणाऱ्या कर्जांत, मग तुम्ही वसुलीला निघता. असं का होतं? तुझा विषय हा आहे. मायक्रोफायनान्सचा माणूस वस्तीवर येतो, सगळ्या बायका समोर बसलेल्या असतात, एकीचे पैसे कमी पडले तर बाकीच्यांनी भरायचे. बँकेचा हप्ता भरायला सचिव ताई दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला येते आणि त्या दिवशी नेमकी तुमची ‘लिंक’ गेलेली असते. हे एक कारण झालं. दुसरं याहून वेगळं असू शकेल. कर्ज उचललं त्या दिवशी गटाने ते सगळ्यांत सारखं वाटून टाकलं असेल. जिला गरज नव्हती तिने ते नात्यात कुणाला दिलं असेल आणि आता तेच परत येत नसेल. तुमच्या संगणकावर गटाचं कर्ज एका खात्यावर एका आकड्यात दिसतं. कुणी किती घेतलं, कुणाचं किती फिटलं, हे गटाच्या वहीत असतं. त्या वह्या वाचायच्या. बाहेरच्या संशोधकाला हा प्रश्न सुचायलाच वर्ष जाईल. तो तुझ्या काउंटरवर रोज येऊन उभा राहतो.

पण प्रश्न शाखेतून घेतलास म्हणून माहिती तिथून घ्यायची नाही. ग्राहकांची खाती गोपनीय असतात. उतारे काढून घरी नेलेस तर नोकरीवर येईल आणि प्रबंधही उभा राहणार नाही. दुसरं म्हणजे, तुझ्याच कर्जदार बायका तुला खरं सांगणार नाहीत. मॅडम पुढचं कर्ज मंजूर करणार आहेत, मग ‘सगळं छान चाललंय’ हेच उत्तर मिळणार. तेव्हा संगमनेर सोड, शेजारच्या अकोले तालुक्याकडे जा. दुसऱ्या बँकेशी जोडलेले गट घे, सरकारच्या ‘उमेद’ अभियानात गावपातळीवर गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंना किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) माणसांना धरून ओळख काढ. तू बँकेत काम करतेस हे लपवू नकोस. उलट पहिल्या बैठकीतच सांग, आणि यातून कर्ज मिळणार नाही हेही सांग. त्यावर काही जणी उठून जातील. जाऊ देत. जिल्ह्याचे एकूण आकडे राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या कागदांत आणि राज्याचे नाबार्डच्या मायक्रोफायनान्स अहवालात मिळतील, ते सर्वांसाठी खुले आहेत.

आता वेळेचं. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ वर्षं, कमाल ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळतात, आणि स्त्रियांना त्यावर आणखी २. एवढी मुदत बघून निवांत होऊ नकोस, कारण मधे तुझी बदली होणार. बहुतेक गाईड आधी दोन वर्षं वाचन, मग क्षेत्रकार्य असा क्रम सांगतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला तो चालतो. तुला मी उलटं सांगते: कोर्सवर्कचे, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाचे, १२ क्रेडिट संपले की थेट वह्यांकडे जा. वाचन नागपूरला बदली झाली तरी करता येतं, अकोल्यातली बैठक तिथून गाठता येत नाही. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात, हे तुमच्या लोकांना मिळालेलं वरदानच आहे. ते दिवस गटांसाठी राखून ठेव आणि घरी तसं आधीच सांगून टाक. मार्चमध्ये काही होणार नाही हे गाईडलाही आधी सांग, म्हणजे सल्लागार समितीपुढचं त्या सहामाहीचं सादरीकरण फेब्रुवारीत उरकता येईल. लांब रजा आता मागू नकोस. ती शेवटच्या लिखाणासाठी साठव. तुकड्या-तुकड्यांत टिपणं होतात, प्रकरण होत नाही.

गाईड निवडताना नावाच्या मोठेपणावर जाऊ नकोस. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे आधी तपास. मग त्यांच्याकडच्या एखाद्या नोकरदार विद्यार्थ्याला गाठून एवढंच विचार, की पाठवलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळतं. बाकी चौकशीची गरज नाही.

आणखी एक. पगारदार विद्यार्थी दिसला की काही मंडळी आपसूक भेटायला लागतात. कुणी आठवड्यात रिसर्च पेपर छापून देतो, कुणी ‘डेटा अ‍ॅनालिसिस’च्या नावाखाली अख्खं प्रकरण लिहून देतो. यूजीसीने २०२२ पासून पेपरची सक्ती काढली आहे, विद्यापीठाने स्वतःची ठेवली असेल तर ती वाचून घे. पैसे भरून छापलेला पेपर मात्र तोंडी परीक्षेत बरोबर उघडा पडतो. तुझ्या वह्या तूच वाचलेल्या असल्या, तर तिथे तुला कुणी अडवू शकणार नाही.

राहिला एनओसीचा कागद. ‘हरकत नाही’ एवढ्यावर भागत नाही. अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू, ही तिन्ही वाक्यं त्यात हवीत. तिसरं वाक्य बँका हमखास गाळतात. मसुदा तूच टाइप करून मॅनेजरांच्या हातात दे आणि उद्याच दे. तो कागद प्रादेशिक कार्यालयात जाऊन सहीनिशी परत येईपर्यंत मुलाखतीची तारीख काही थांबणार नाही.

तुझी,
मॅडम