क्लोराइड वाहते की वाहून नेले जाते?

प्रश्न असा आहे: सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगावर मराठीत लिहिताना ‘अभिस्तर पेशींमधील क्लोराइडचे परिवहन बिघडते, कारण क्लोराइड वाहिनी सदोष असते’ हे वाक्य चालेल का? परिवहन, वहन, वाहिनी यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

‘अभिस्तर’, म्हणजे अवयवांना आतून-बाहेरून झाकणारा पेशींचा थर, हा शब्द निःशंकपणे ठेवा. शाळेच्या विज्ञानात मुले ‘अभिस्तर ऊती’ शिकतात. रोगाचे नावही भाषांतरित करू नये. १९३८ साली डोरोथी अँडरसन यांनी ते स्वादुपिंडात दिसणाऱ्या पुटींवरून आणि तंतूंवरून दिले. त्याचे शब्दशः मराठी केले, तर फुप्फुसांनी त्रासलेल्या रुग्णाला त्यातून काहीच कळणार नाही.

खरी गोम ‘वाहणे’ या क्रियापदात आहे. नदी वाहते, तेव्हा पाणी आपणहून उताराकडे जाते. हमाल ओझे वाहतो, तेव्हा उचलणारा वेगळा, ओझे वेगळे आणि जोर लागतो तो उचलणाऱ्याला. मराठीने दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात ठेवले आहेत आणि पेशीपटलात या दोन्ही क्रिया शेजारी शेजारी चालतात. श्वासनलिकेच्या पेशीत रक्ताच्या बाजूने क्लोराइड आत येते ते हमाली पद्धतीने: एक प्रथिन सोडियम, पोटॅशियम आणि दोन क्लोराइड यांना एकत्र धरून आत आणते. त्याला ‘वाहक’ म्हणावे. हवेच्या बाजूला असते सीएफटीआर नावाचे दुसरे प्रथिन; या रोगात बिघडते ते हेच. ते काहीच उचलत नाही. ते उघडते आणि क्लोराइड उताराने बाहेर जाते, मागोमाग पाणी जाते, श्लेष्मा पातळ राहतो. एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची, ऊर्जा लागते ती दाराच्या उघडझापीला, क्लोराइड ढकलायला नव्हे. गंमत अशी, की याच्या कुळातली बहुतेक प्रथिने खरोखरीच वाहक आहेत. हे एकटे दार झाले.

म्हणून ‘क्लोराइड वाहिनी’ऐवजी मी ‘क्लोराइड द्वार’ म्हणेन. संस्कृतात वाहिनी म्हणजे नदीही, तेव्हा शब्द मुळात चुकीचा नाही; पण रक्तवाहिनीमुळे आपल्या डोळ्यांपुढे लांबलचक नळी येते. या रोगात तर घामाच्या ग्रंथीची खरीखुरी नलिकाही चर्चेत असते. त्यात ‘वाहिनी’ आली की वाचक गोंधळलाच.

घामाचेच उदाहरण ‘द्वार’च्या बाजूने सर्वांत बळकट आहे. श्वासनलिकेत या दारातून क्लोराइड बाहेर जाते. घामाच्या नलिकेत मात्र त्याच दारातून ते आत परत घेतले जाते. दार एकच, दिशा उलट, कारण उतार उलट. दार बंद राहिले की मीठ घामातच उरते. रुग्णाचा घाम जास्त खारट असतो हे १९५३ मध्ये लक्षात आले आणि आजही घामात लिटरला ६० मिलिमोल किंवा अधिक क्लोराइड सापडले, तर या रोगाचा दाट संशय घेतात. ठरावीक दिशेने ओझे नेणाऱ्या वाहकाला हे दुहेरी वागणे शोभले नसते.

दोषांचे वर्णनही ‘द्वार’ने सोपे होते. सर्वांत जास्त आढळणाऱ्या बिघाडात ५०८व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल गळालेले असते. प्रथिनाची घडी चुकते आणि दार चौकटीपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या एका बिघाडात दार बसलेले असते, पण उघडत नाही. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले आयव्हाकाफ्टर हे औषध तेच दार अधिक वेळ उघडे ठेवते.

‘परिवहन’ मात्र टाळाच. त्यात गाडी, माल आणि चालक आहेत. शिवाय एसटीच्या पाटीवरून तो शब्द आपल्या मनात पक्का बसला आहे. ‘वहन’ उत्तम, कारण त्यात वाहणे आणि वाहून नेणे दोन्ही मावतात. जाता जाता, क्लोराइडसारख्या विद्युतभारित कणाला ‘आयन’ म्हणतात; हा ग्रीक शब्द ‘जाणारा’ या अर्थाचा आणि उत्तरायणातल्या ‘अयन’चा नातलग आहे. दोघांच्या मुळाशी ‘जाणे’च.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘अभिस्तर पेशींतील क्लोराइडचे वहन बिघडते, कारण पेशीपटलातले क्लोराइड द्वार जागेवर नसते किंवा नीट उघडत नाही.’