आधी मुलांची सोय

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेज चालवायला पुढच्या वर्षाची फी आत्ताच खर्ची पडतेय, संचालक म्हणतात बाहेर ब्र काढायचा नाही, आणि तू रोज नव्या मुलांच्या फीच्या पावत्या फाडतेयस. पत्र वाचून तुझी घालमेल कळली.

संचालकांची भीती खोटी नाही. कुणकुण लागली की प्रवेश आटतात, देणगीदार हात आखडता घेतात आणि कदाचित तगलं असतं तेही कॉलेज बुडतं. पण गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं, ते बघ. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सची बंद होण्याची बातमी 31 मे 2024 ला फुटली आणि 7 जूनला कुलूप लागलं. अनेक मुलांना ती बातम्यांतूनच कळली. अमेरिकेत 2004 ते 2020 या काळात बंद पडलेल्या 467 संस्थांमधल्या सुमारे 1,43,000 विद्यार्थ्यांचा माग एका अभ्यासात काढला, तेव्हा 47 टक्केच पुन्हा कुठे दाखल झालेले आढळले. बाकीच्यांचं शिक्षण तिथेच थांबलं. या सगळ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला असंच अचानक लागलेलं कुलूप आलं होतं.

उलट व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर कॉलेजने 2015 च्या मार्चमध्ये, म्हणजे काही महिने आधी, बंद होणार म्हणून सांगितलं. माजी विद्यार्थिनी पेटून उठल्या, कोर्टात गेल्या, पैसा उभा केला आणि कॉलेज वाचलं. वेळेवर कळलं म्हणून त्यांना लढता तरी आलं. हे उदाहरण संचालकांपुढे जरूर ठेव.

मॅसॅच्युसेट्समध्ये 2018 साली माउंट आयडा कॉलेज काही आठवड्यांच्या सूचनेवर बंद झालं. त्यानंतर 2019 मध्ये तिथे कायदा आला. राज्य दरवर्षी खाजगी कॉलेजांची आर्थिक तब्येत तपासतं, आणि धोका दिसला की मुलांना कळवण्याची आणि त्यांच्या पुढच्या सोयीची योजना आधीच तयार करायला लावतं. मला हा मार्ग पटतो. तपासणीचा गाजावाजा होत नाही, त्यामुळे नुसत्या संशयाने कुणी बुडत नाही, आणि वेळ आलीच तर मुलं उघड्यावर पडत नाहीत.

तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, एक काम तुझ्या हातातलं आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागू नये. ते म्हणजे कागदपत्रं. गुणपत्रक सगळे जपतात. पण दुसरं कॉलेज विचारतं, या विषयात नेमकं शिकवलं काय? किती तास, कोणती प्रात्यक्षिकं? तो तपशील प्राध्यापकांच्या कॉम्प्युटरवर असतो, आणि कॉलेज बंद झालं की प्राध्यापक पांगतात, कॉम्प्युटर लिलावात जातात. मग दोन वर्षं शिकलेल्या मुलीला तोच विषय पुन्हा फी भरून शिकावा लागतो. म्हणून प्रत्येक विषयाचा त्या त्या वर्षाचा अभ्यासक्रम आत्ताच मागून घे, मुलाच्या नोंदीला जोड, आणि एक प्रत कॉलेजबाहेर कायम कोण सांभाळणार ते लेखी ठरवून घे.

मुलांना सामावून घेणाऱ्या कॉलेजांशी करार करायचे तर ते पैसे शिल्लक असतानाच. 'सहकार्य करू' असल्या गोड वाक्यांवर सही करू देऊ नकोस. शिकून झालेल्या विषयांचे किती क्रेडिट मान्य होतील, फी वाढणार का, शेवटच्या वर्षाच्या मुलांना तीच पदवी त्याच मुदतीत मिळेल का, एवढं स्पष्ट हवं. आणि मुलांना घाईने नाव काढायला कुणी सांगू नये. अमेरिकेत कॉलेज बंद पडलं तर सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होऊ शकतं, पण ठरावीक मुदतीच्या आधीच नाव काढलेल्याला सहसा ते मिळत नाही. तुमच्याकडे काय नियम आहे ते आधी बघ.

नव्या प्रवेशांबद्दल मी कठोर आहे. ज्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष घेता येईल याची खात्री नाही, त्याची फी घेऊ नये. संचालकांना हे तोंडी सांगू नकोस, आकड्यांसकट लेखी दे आणि पोच घे. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर तेच पत्र नियामक संस्थेकडे पाठव. नोकरीची काळजी तुला वाटणारच, मलाही तुझी वाटते. म्हणून एकटी जाऊ नकोस, कुलसचिवांना आणि दोन ज्येष्ठ प्राध्यापकांना सोबत घे.

पत्राचा मसुदा झाला की पाठव, मी लगेच वाचून देते.

तुझ्या
बाई