वाचकांचे प्रश्न : थंडीतली कृतज्ञतेची वही

प्रश्न : मार्गशीर्ष लागल्यापासून रोज रात्री कृतज्ञतेची वही लिहिते. पण ‘घर, तब्येत, मुलं’ हेच पुन्हा पुन्हा उतरतं आणि लिहून काही वाटतही नाही. कुठे चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नोंदी फार मोघम होताहेत. ‘तब्येत’ लिहिताना डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. आजच घडलेली गोष्ट घ्या आणि ती कोणामुळे, कशामुळे घडली तेही लिहा. ‘सकाळी गरम पाणी मिळालं’ एवढ्यावर थांबू नका. ‘सासूबाईंनी साडेपाचला उठून बंब पेटवला, म्हणून सहाच्या गारठ्यात कढत पाण्यानं अंघोळ झाली’ असं लिहा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या, आणि प्रत्येकीचं कारणही. हे कारणच बहुतेक जण गाळतात, मग वहीची किराणा यादी होते.

तीन नोंदी, प्रत्येकी दोन ओळी, एवढं पुरे. पाच-सात मिनिटांचं काम. गोधडीत शिरून लिहू नका, थंडीत पाठ टेकली की पेंग येतेच. जेवणानंतर ओटा आवरला की लगेच बसा. एखाद्या दिवशी काहीच सुचलं नाही तर एक गोष्ट मनातल्या मनात वजा करून पाहा : आज शेजारच्या काकूंनी मुलाला शाळेतून आणलं नसतं तर दुपार कशी गेली असती?

रोज लिहिण्याचा कंटाळा आला असेल तर रविवारी एकदाच लिहा. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. त्यामुळे खाडा झाला म्हणून मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : मी मँचेस्टरला असते. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, घरी येते ती अंधारातच. वही लिहायला बसले की उलट आणखी उदास वाटतं.
– एक वाचक

उत्तर : मग आधी उजेड, वही नंतर. सकाळी उजाडल्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाला; आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. हिवाळी उदासीसाठी १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) दिवा सकाळी साधारण अर्धा तास वापरतात. तो समोर ठेवायचा, पण त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलरचा (मन कधी अति उत्तेजित, कधी अति उदास होण्याचा) त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा घेऊच नका. संध्याकाळी उशिरा वापरला तर झोप उडते.

वहीत त्या दिवसाची तक्रार आधी लिहा, अगदी मोकळेपणानं. त्यानंतर एकच चांगली नोंद. ‘मला उदास वाटायलाच नको’ असा धाक मनाला घातला की कृतज्ञता ओझं होऊन बसते. दोन आठवडे सलग मन खचलेलं असेल, झोप आणि भूक बदलली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. वही हा त्यावरचा उपचार नव्हे. जगणंच नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी मदत मागा.

प्रश्न : मनात खूप असतं, पण कोणाला तोंडावर आभार मानायचे म्हटलं की फार औपचारिक वाटतं.
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा संकोच आपणच फुगवून ठेवलेला असतो. संशोधक अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०१८ सालच्या प्रयोगांत आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा खूपच कमी अवघडलं आणि आनंद जास्त झाला. ‘आभारी आहे’ म्हणायला जीभ अडखळत असेल तर ते शब्द सोडा आणि घडलेलं काम सांगा : ‘काका, परवा धुकं होतं तरी दूध वेळेवर आणलंत, बाळाचं अडलं नाही.’ संक्रांतीला तिळगूळ द्यायला जालच, तेव्हा असं एकेक वाक्य ठरवून जा.