टीबीच्या गोळ्यांनी एसजीपीटी २४० झालं. गोळ्या बंद करायच्या का?

गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे, उलट्या, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) २४०, बिलिरुबिन (काविळीत वाढणारा रक्तातला घटक) ३.१ असं तुम्ही आईंबद्दल लिहिलंय. आजची मात्रा देऊ नका आणि आजच रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे न्या.

एसजीपीटीची वरची मर्यादा ४० धरली तर २४० म्हणजे सहापट. त्रास होत असेल तर तिपटीला, काहीच त्रास नसेल तर पाचपटीला औषधं थांबवतात. कावीळ झाली की थांबवायचीच. (नुसतं ८०-९० आलं आणि जेवणखाण नीट असेल, तर गोळ्या चालू ठेवून रक्त पुन्हा तपासतात.) लघवी केशरी दिसते ती रिफाम्पिसिनमुळे, त्यावरून कावीळ ठरवू नका. डोळ्यांचा पांढरा भाग बघा.

सगळ्यात मोठी चूक होते ती ‘चारऐवजी दोन गोळ्या द्या’ इथे. त्या एकाच गोळीत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल असं सगळं असतं. यकृताला त्रास पहिल्या तिघांचा. गोळ्या कमी केल्या तर चौघांचीही मात्रा अर्धी होते, यकृत सुटत नाही आणि जंतू मात्र औषधाला सरावतात.

हिपॅटायटिस बी, सी, ए, ई आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासून घ्या; पावसाळ्यात साध्या दूषित पाण्याचीही कावीळ असू शकते. आयएनआर वाढला असेल किंवा आई गुंगीत, असंबद्ध बोलत असतील तर थेट दाखल करा. टीबी जोरात असेल तर मधल्या काळात डॉक्टर इथॅम्ब्युटॉल, लेव्होफ्लॉक्सासिन अशी यकृताला सोसणारी औषधं देतात.

एसजीपीटी दुपटीच्या आत, म्हणजे ८० खाली आलं आणि कावीळ उतरली की औषधं एकेक करून परत सुरू होतात: आधी रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल, ३ ते ७ दिवसांनी रक्त तपासून आयसोनियाझिड, मग पुन्हा तपासणी. कावीळ जास्त झाली असेल तर पायराझिनामाइड सहसा परत देत नाहीत. मग उपचार साधारण ९ महिने चालतो. यासाठी सुट्या गोळ्या लागतात, त्या टीबी केंद्राकडे मागा आणि उपचार कार्डावर बदल लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी जुनीच पाकिटं हातात पडतील.

कावीळीची माळ घालायची तर घाला, पण झाडपाल्याचं औषध आणि गुळवेलाचा काढा पोटात नको. गुळवेलानंतर यकृत बिघडल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. गोळ्या थांबल्यामुळे एसजीपीटी उतरतं, श्रेय माळेला जातं आणि ‘बरं झालं’ म्हणून टीबीचं औषध कायमचं सुटतं. तापासाठी पॅरासिटामॉलही विचारूनच द्या.