कीटो आहाराने (कर्बोदके अगदी कमी, स्निग्ध पदार्थ भरपूर) वजन उतरले, पण एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढले. तूप-लोणी सोडावे का?

वजन उतरले म्हणून रक्तवाहिन्याही सुधारल्या असे समजू नये. तूप-लोण्यातले संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) जास्त पोटात गेले की यकृताच्या पेशींवरील, रक्तातले एलडीएल टिपून घेणाऱ्या ग्राहकांचे (रिसेप्टर) काम मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. त्याचे काही कण हृदयाच्या धमनीच्या अस्तराखाली शिरतात, तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि ते गिळून फुगलेल्या पेशींचा थर वर्षानुवर्षे वाढतो. हा थर दुखत नाही, हीच खरी अडचण. तो फाटून त्यावर गुठळी धरली की झटका येतो.

मात्र सगळे स्निग्ध पदार्थ एका मापाने मोजू नयेत. मोठा चमचाभर, म्हणजे साधारण १४ ग्रॅम तुपात ८ ते ९ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश असतात, तर तेवढ्याच शेंगदाणा तेलात २ ते ३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे २,००० कॅलरींच्या आहारात दिवसाला सुमारे २२ ग्रॅम चालतात. त्यामुळे वरणभातावर लहान चमचाभर तूप घेण्यास माझी हरकत नाही. कॉफीत लोणी घोळून पिण्यास आहे. आपल्या पुण्यात चहाबरोबर खारी खाणे हा जणू हक्कच, पण ती वनस्पती तुपात केली आहे का, हे बेकरीत अवश्य विचारावे, कारण त्यात असू शकणारे ट्रान्स फॅट एलडीएल वाढवून वर एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉलही घटवते.

आहार बदलून दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) पुन्हा करावे. एलडीएल १९० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असेल, तर तोवर न थांबता डॉक्टरांना भेटावे.