मूत्राशयाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनात मार्जिन तपासलं नाही म्हणून गाठ परत येते का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या लघवीच्या पिशवीतली गाठ गेल्या महिन्यात दुर्बिणीतून काढली. ‘ऑपरेशन चालू असतानाच मार्जिन तपासून घ्या, म्हणजे परत यायची भीती नाही’ असं कुणीतरी सांगितलं होतं, ते राहून गेलं. आता रिपोर्टात मार्जिन हा शब्दच नाही, तर चूक झाली का, असा तुमचा प्रश्न आहे.

नाही झाली. मार्जिन म्हणजे काढलेल्या गाठीची कड, आणि वडिलांच्या ऑपरेशनात तपासण्यासारखं मार्जिन नव्हतंच.

मी सांगली-मिरज भागात पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशनात काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. पेशंटची आणि माझी गाठ पडत नाही, माझ्याकडे येते ती त्याची बाटली. दुर्बिणीच्या ऑपरेशनात सर्जन लघवीच्या वाटेने आत जातो आणि विजेवर तापणाऱ्या तारेच्या कड्याने गाठ थराथराने खरवडून काढतो. त्यामुळे फॉर्मालिनच्या (तुकडे टिकवणाऱ्या द्रावाच्या) बाटलीत मला दिसतात ते अडकित्त्याने कातरलेल्या सुपारीसारखे तुकडे, दहा-वीस-पन्नास, कडांना जळालेले. कुठला तुकडा तळाचा, कुठला बाजूचा, ते तुकड्यावर लिहिलेलं नसतं. स्तनाची गाठ अख्खी येते, सर्जनने दोरा बांधून बाजू दाखवलेली असते, तिला शाई लावून कड मोजता येते. इथे कड कशाला म्हणायचं? हल्ली काही ठिकाणी लहान गाठ तळासकट एकसंध काढतात, तेव्हा कडा बघता येतात. पण बहुतेक रिपोर्ट अजून तुकड्यांचेच.

म्हणून वडिलांच्या रिपोर्टात मार्जिन शोधू नका, स्नायू शोधा. पिशवीच्या भिंतीत आतून अस्तर, त्याखाली सैल थर आणि त्याच्या बाहेर जाड स्नायू, डेट्रुसर. ‘डेट्रुसर स्नायू नमुन्यात आहे, त्यात गाठ नाही’ असं लिहिलं असेल तर तळापर्यंत खरवडलं होतं असं समजा. ‘स्नायू आढळला नाही’ असेल तर गाठ किती खोल गेली हे मला सांगताच येत नाही, मग रिपोर्ट कितीही सुंदर टाइप केलेला असो. एक मेख आहे. मधल्या सैल थरातही स्नायूचे बारीक धागे असतात, ते धरायचे नाहीत. नुसतं ‘स्नायू आहे’ एवढंच लिहिलं असेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा, कुठला स्नायू? राग येत नाही आम्हाला. काही सर्जन शेवटी तळाचा तुकडा वेगळ्या बाटलीत ‘बेस’ असं लिहून पाठवतात. अशा सर्जनचं मला फार कौतुक आहे.

गाठ सैल थरात शिरलेली असेल (रिपोर्टात टी१), किंवा स्नायूच आला नसेल, तर साधारण दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बिणीने खरवडायला सांगतात. घरच्यांना वाटतं, पहिल्या डॉक्टरने काम नीट केलं नाही. तसं नसतं. टी१ गाठींत दुसऱ्या वेळी बघितलं तर एक तृतीयांश ते निम्म्या पेशंटमध्ये काहीतरी शिल्लक सापडतं. तुम्ही ज्याला मार्जिन तपासणं म्हणताय, त्याच्या सगळ्यात जवळचं काम हेच.

तुम्हाला ज्यांनी सल्ला दिला त्यांच्या डोक्यात बहुधा मोठं ऑपरेशन असावं. त्यात अख्खी पिशवीच काढतात. त्यात मात्र ऑपरेशन चालू असताना माझा फोन वाजतो.

किडनीतून येणाऱ्या दोन्ही नळ्या कापल्या की सर्जन प्रत्येकीच्या टोकाची बारीक कडी पाठवतो, ज्वारीच्या दाण्याएवढी. ती फॉर्मालिनमध्ये टाकायची नसते, सलाइनने ओल्या केलेल्या गॉजवर ताजी यावी लागते. वॉर्डबॉय धावत आणतो. कडी जेलमध्ये उभी करून उणे वीस अंशाच्या यंत्रात ठेवली की जेल खडूसारखं पांढरंफटक होतं. मग पाच मायक्रॉनचा काप, ब्रशने अलगद सरळ करायचा, काचेवर घ्यायचा, रंगवायचा. पंधरा-वीस मिनिटांत सांगायचं असतं. तिकडे पोट उघडं ठेवून माणसं थांबलेली असतात. याला फ्रोझन म्हणतात, आणि ही युक्ती १९०५ पासूनची आहे, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकची.

दिसायला सोपं, पण आधीच्या खरवडण्याने किंवा स्टेंटमुळे (नळी मोकळी राहावी म्हणून आत घातलेली बारीक नळी) तिचं अस्तर सुजलेलं असतं आणि सुजलेल्या पेशी कर्करोगासारख्या चिडक्या दिसतात. कधी अस्तरच गळून गेलेलं असतं. मी ‘शंका आहे’ म्हणते तेव्हा पलीकडून येणारा उसासा मला फोनवर ऐकू येतो. मग सर्जन आणखी थोडी नळी वर कापतो, पण किती कापणार, ती आतड्याला जोडायला पुरायला हवी. एकदा तर दोन्ही कड्या एकाच बाटलीत, लेबल नाही. एकीत कर्करोग होता. डावी की उजवी, कुणाला ठाऊक? दोन्ही बाजूंनी पुन्हा कापून पाठवावं लागलं.

मूत्रमार्गाच्या टोकाचंही असंच, विशेषतः आतड्याची नवी पिशवी करून तिथे जोडायची असेल तेव्हा. तिथे कर्करोग निघाला तर तो बेत रद्द होतो आणि पोटावर बाहेर पिशवी लावावी लागते. हे टेबलावर ठरतं, म्हणून दोन्ही शक्यता पेशंटला आधी सांगून, पोटावरची जागा आधीच खूण करून ठेवायला हवी. आधी काही न सांगितलेला पेशंट जागा होतो आणि पोटाला हात लावतो, तो प्रसंग टाळता येतो.

पिशवीभोवतालच्या चरबीची कड सगळ्यात महत्त्वाची, आणि ती फ्रोझनवर नीट कळत नाही, कारण चरबी नीट गोठत नाही. तिला शाई लावून पक्का रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागतं. शाईला गाठ टेकलेली असेल तर मार्जिन पॉझिटिव्ह. मोठ्या केंद्रांच्या नोंदींत हे शंभरात चार-पाच जणांत दिसतं, गाठ पिशवीबाहेर गेलेली असेल तर जास्त. ते वाईटच, तिथेच पुन्हा उगवण्याचा धोका वाढतो.

आता तुमचं खरं दुखणं, की कडा स्वच्छ असूनही कर्करोग परत का येतो. कारण कड म्हणजे सर्जनची सुरी जिथून गेली ती रेघ. तिच्या पलीकडचं मी बघितलेलं नसतं. किडनीपासून मूत्रमार्गापर्यंत अस्तर एकच आहे, आणि विडी-सिगारेटचं विष लघवीतून वर्षानुवर्षं त्या सगळ्यावरून गेलेलं असतं. एका कोपऱ्यातली गाठ काढली तरी दुसऱ्या कोपऱ्यात तयारी चालू असू शकते. म्हणून दुर्बिणीने काढलेल्या गाठींसाठी पिशवीत औषध सोडतात, लगेच मायटोमायसिन या कर्करोगावरच्या औषधाचा एक डोस किंवा पुढे बीसीजी (हो, बाळांना टोचतात तीच लस, १९७६ पासून या कामाला लागलेली), आणि तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. वडील ओढत असतील तर विडी बंद, यावर मी वाद घालत नाही.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणाचे चौकोनी तुकडे, वडिलांची गाठ त्यातच आहे. मे महिन्यात नेणार असाल तर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळतात.