वाचक विचारतात : जरा मीठ सरकवा, आणि पाकीटही

प्रश्न : युवक महोत्सवासाठी अर्ध्या तासाची एकांकिका बसवतोय. दोन भामटे एकमेकांना गंडवायला निघतात आणि प्रेमात पडतात. तालमीत कुणी हसत नाही, शेवट मात्र सगळे आधीच ओळखतात. अभ्यासाला एखादा सिनेमा सुचवा.
– एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचचा ‘ट्रबल इन पॅरडाइज’ (१९३२) बघा. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण या प्रकारात याच्या तोडीचे सिनेमे मोजकेच.

त्यातला व्हेनिसच्या हॉटेलातला जेवणाचा प्रसंग तीनदा पाहा. खोटा बॅरन, खोटी काउंटेस. ती म्हणते, तुम्ही २५३, ५, ७ आणि ९ नंबरच्या खोल्यांमधल्या गृहस्थाला लुटलंत. आणि त्याच दमात मीठ मागते. तो मीठ देतो, वर मिरपूड हवी का विचारतो. मग शांतपणे उठून दाराला कुलूप घालतो, पडदा ओढतो आणि तिला धरून गदागदा हलवतो. त्याने चोरलेलं पाकीट तिच्या अंगातून खाली पडतं! दोघं परत जेवायला बसतात. तो तिची पिन परत देतो. ती त्याचं घड्याळ देते : पाच मिनिटं मागं होतं, लावून ठेवलंय. शेवटी तिच्या मोज्याचा पट्टा तो स्वतःकडेच ठेवून घेतो, आणि ती त्याच्या गळ्यात पडते.

पाकिटापासून पट्ट्यापर्यंत मालाची किंमत उतरत गेली आणि सलगी चढत गेली. चोरीगणिक रक्कम वाढवत नेली की पोलीसकथा होते. तालमीत हसू येत नाही, ते बहुधा यामुळेच. आवाजही चढवू नका. आरोप जेवढा मोठा, तेवढी भाषा अदबीची.

शेवट ओळखला जातो, कारण ‘दोघंही चोर’ हे गुपित तुम्ही अखेरपर्यंत राखता. लुबिच ते सुरुवातीलाच फोडतो. पुढचा सगळा सिनेमा वेगळ्याच पेचावर चालतो : पॅरिसच्या अत्तर कंपनीची मालकीण मादाम कोले हिची तिजोरी फोडायची, की तिच्यावर जीव लावायचा? तुम्हालाही तिसरं माणूस हवंच.

व्हेनिस उचलू नका. शेतावरची हुरड्याची पार्टी घ्या. गरम कणसं चोळताना लोक अंगठ्या काढून ठेवतातच, म्हणजे चोरीला कारण आयतं मिळालं. आगटीत खरा विस्तव नको. गोवऱ्यांखाली लाल दिवा पुरे.

रंगमंचावर खरी हातचलाखी करायला जाऊ नका. सिनेमात कॅमेरा नजर फिरवतो, इथे पहिल्या रांगेला सगळं दिसतं. सारखी दोन घड्याळं घ्या. एक तिच्या पिशवीत पहिल्यापासून, दुसरं त्याच्या मनगटावर. सुरुवातीला त्याने एकदा ठळकपणे वेळ बघावी, मग बाही खाली. पुढे आगटीकडे वाकून प्रेक्षकांकडे पाठ झाली की त्याने स्वतःच ते काढून खिशात टाकावं. नट हमखास चुकतात ते एकाच ठिकाणी : घड्याळ बाहेर येण्याआधीच मनगटाकडे बघतात, आणि मजा तिथेच मरते.

प्रश्न : हाच सिनेमा आमच्या वाचनालयात दाखवायचा आहे. जुना, कृष्णधवल. मंडळी बसतील का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : बसतील. ८३ मिनिटांचाच आहे, मध्यंतर करू नका. संवाद भराभर जातात, म्हणून मराठी उपशीर्षकं हवीतच. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसतात. तिचं नाव चित्रफितीच्या नावासारखंच ठेवा आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. पहिल्याच दृश्यात कचरेवाला गोंडोल्यात कचरा रिकामा करतो. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबा, पण ते दृश्य चुकवू देऊ नका.

प्रश्न : एवढा चांगला, तर मग गाजला का नाही?
– एक वाचक, लातूर

उत्तर : समीक्षकांनी तेव्हाही नावाजला होता. पण सिनेमात काय दाखवायचं, काय नाही हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडक झाली. चोर मजेत सुटतात हे तिला चालणारं नव्हतं. १९३५ मध्ये पुन्हा प्रदर्शनाला परवानगी नाकारली गेली आणि १९६८ पर्यंत तो लोकांना पाहायलाच मिळाला नाही.